आरडीएक्स, टीएनटी पाण्यात कसे तुटतात हे कॉम्प्युटरवर काढायचंय? मग आधी पाण्याकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टीएनटी, आरडीएक्स, डीएनएएन (डायनायट्रोॲनिसोल) ही स्फोटकं पाण्यात उतरली की कशी तुटतात ते डीएफटीने (क्वांटम रसायनशास्त्रातली रेणूची ऊर्जा काढायची पद्धत) काढायचंय. तुम्ही आरडीएक्सचा रेणू घेतला, त्यातला नायट्रो ग्रुपचा एन-एन बाँड तोडून बघितला, ३९ किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास आकडा आला, वरून पाण्याचं कंटिन्यूअम मॉडेल (सुटे रेणू न धरता पाणी एकसलग माध्यम मानणारं) लावलं तरी तो फारसा हलला नाही, आणि आता विचारताय की यावरून पाण्यातलं हाफ-लाइफ (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ) काढता येईल का आणि येईल त्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा.

पहिल्या भागाचं उत्तर नाही असं आहे. ३९ हा आकडा तसा ठीकच आहे हो, पण ती रिअ‍ॅक्शन पाण्यात होतच नाही. तो बाँड आपोआप तुटणं हे स्फोटक तापवल्यावरचं रसायनशास्त्र आहे, आणि थर्मल डिकंपोझिशनवर भरपूर लिहिलं गेलंय म्हणून नवीन माणूस सहसा तिथूनच सुरू करतो. २५ अंश सेल्सिअसला एवढा बॅरियर (पार करावा लागणारा ऊर्जेचा अडथळा) आयरिंगच्या, म्हणजे बॅरियरवरून वेग देणाऱ्या, समीकरणात टाकून बघा, ढोबळमानाने हाफ-लाइफ दहा कोटी वर्षांच्या वर जातं. म्हणजे त्या वाटेने आरडीएक्स पाण्यात कधी तुटणारच नाही. पण चुन्याचं किंवा कॉस्टिकचं पाणी घातलं की तेच आरडीएक्स तासाभरात, दिवसभरात निम्मं होतं हे प्रयोगशाळेत केव्हाचं माहिती आहे. तर मग तोडतं कोण? हायड्रॉक्साइड आयन. आणि उघड्या पाण्यात, जमिनीखाली वगैरे बघायचं तर सूर्यप्रकाश, लोखंडाची खनिजं, जिवाणू, हायड्रॉक्सिल रॅडिकल. त्यामुळे "रेणूचा कमकुवत बाँड कुठला" हा प्रश्न सोडा आणि "या पाण्यात या रेणूवर हल्ला कोण करतंय" हा घ्या, सगळं काम त्यावर उभं राहतं.

हे एवढं जीव तोडून का सांगतोय ते पण सांगतो. आरडीएक्स पाण्यात फार विरघळत नाही, २५ अंशाला लिटरला ४०-६० मिलिग्रॅम, टीएनटी साधारण १०० ते १३०, एचएमएक्स (आरडीएक्सचाच मोठ्या कड्याचा भाऊबंद) तर ४-५ मिलिग्रॅमच. ऐकायला कमी वाटतं. पण अमेरिकेच्या ईपीएची (पर्यावरण संस्थेची) पिण्याच्या पाण्यासाठीची आयुष्यभराची सल्लामर्यादा आरडीएक्सला आणि टीएनटीला लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे विरघळू शकणारं प्रमाण त्या मर्यादेच्या वीस-तीस हजार पट आणि टीएनटीचं तर पन्नास हजार पटीच्या वर. शिवाय टीएनटी मातीला धरून बसतं, त्याचं रिडक्शन होतं, पण आरडीएक्स मातीला जवळपास चिकटतच नाही, पाणी जाईल तिकडे जातं. केप कॉडच्या लष्करी तळावर हेच झालं, सराव मैदानाखालच्या भूजलात आरडीएक्स उतरलं आणि खाली त्या भागाला पिण्याचं पाणी देणारा जलस्तर, १९९७ मध्ये ईपीएने आदेश काढून तिथला स्फोटकांचा सराव थांबवला. अशा ठिकाणी कोणी तुम्हाला विचारलं की हे आपणहून किती वर्षांत संपेल, तर तुमच्या आकड्यावर लोकांचं पाणी अवलंबून असतं. म्हणून आकडा कुठून आला आणि त्यात किती ढिलाई आहे हे आधी कळलं पाहिजे.

आता पीएचचं गणित बघा, कारण अर्धा गोंधळ इथेच होतो. हायड्रॉक्साइडची रिअ‍ॅक्शन सेकंड ऑर्डर असते, तुमचं कॅल्क्युलेशन जो बॅरियर देतं तो १ मोलर हायड्रॉक्साइडसाठीचा असतो, आणि खऱ्या पाण्यात तेवढं हायड्रॉक्साइड कुठेच नसतं. समजा बॅरियर बरोबर २० किलोकॅलरी आला (उदाहरणासाठी घेतलाय). २५ अंशाला वेगाचा स्थिरांक के होतो ०.०१३६ प्रति मोलर प्रति सेकंद. पीएच १२ ला हायड्रॉक्साइड ०.०१ मोलर, म्हणजे हाफ-लाइफ साधारण दीड तास. पीएच १० ला जवळपास सहा दिवस. पीएच ७ ला सोळा वर्षं. बॅरियर तोच, रेणू तोच, फक्त पाणी बदललं. तेव्हा "हाफ-लाइफ किती" याला पीएच सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही आणि रिपोर्टमध्ये पीएच न लिहिता हाफ-लाइफ दिलेलं दिसलं की मी तो आकडा वापरत नाही.

याच उदाहरणात चूक कशी फुगते तेही बघून घ्या. २५ अंशाला १.३६ किलोकॅलरी म्हणजे वेगात दहा पट फरक. तुमचा बॅरियर २ किलोकॅलरीने इकडेतिकडे असेल, आणि २ म्हणजे या प्रकारच्या कामात चांगलीच अचूकता समजली जाते, तर वेग २९ पट बदलतो. पीएच ७ ची सोळा वर्षं मग सहा-सात महिनेही असू शकतात किंवा साडेचारशे वर्षंही. हे वाचून हातपाय गाळू नका, यातून काम कसं काढायचं ते पुढे सांगतोच, पण एकट्या बॅरियरवरून "सोळा वर्षं" असं कुणाला लिहून देऊ नका.

आणखी एक छोटी गोष्ट, प्रोग्रॅम फ्री एनर्जी देतो ती १ ॲटमॉस्फिअरच्या आदर्श वायूसाठी, द्रावणात आपल्याला १ मोलर लागतं, फरक दर रेणूमागे १.८९ किलोकॅलरी. दोन रेणू येऊन एक ट्रान्झिशन स्टेट (बॅरियरच्या माथ्यावरची रचना) होत असेल तर बॅरियर तेवढाच खाली येतो, म्हणजे वेगात चोवीस पट. ही करेक्शन विसरली तर बाकीची सगळी महागडी मेथड वाया.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, पाणी.

गॅस फेजमध्ये हायड्रॉक्साइड आरडीएक्सजवळ नेलं तर ते कार्बनवरचा प्रोटॉन सरळ उचलतं, बॅरियर सुट्या रिअ‍ॅक्टंटच्या एनर्जीच्याही खाली असतो, रिअ‍ॅक्शन न अडता खाली घसरत जाते. मग पाण्यात तीच रिअ‍ॅक्शन न्यूट्रल पीएचला एवढी मंद का? एक तर हायड्रॉक्साइडच अगदी थोडं असतं ते वर आलंच, पण दुसरं म्हणजे जे असतं ते पाण्यात अतिशय सुखात असतं. त्याची हायड्रेशन फ्री एनर्जी उणे १०५ किलोकॅलरीच्या आसपास आहे, चारेक पाण्याचे रेणू त्याला हायड्रोजन बाँडने घट्ट धरून असतात, आणि प्रोटॉन उचलायला जायचं तर त्यातला एखादा तरी बाजूला सारावा लागतो. ट्रान्झिशन स्टेटमध्ये चार्ज मोठ्या रेणूभर पसरतो, त्याला पाणी तेवढं धरत नाही. म्हणजे जो बॅरियर आपण शोधतोय तो जवळजवळ सगळाच्या सगळा सॉल्व्हेशनमधून येतोय. आरडीएक्सची इलेक्ट्रॉनिक स्ट्रक्चर कितीही बारकाईने काढली आणि हायड्रॉक्साइडचं सॉल्व्हेशन ढिसाळ ठेवलं तर उत्तर ढिसाळच येणार.

आणि नेमकं इथेच कंटिन्यूअम मॉडेल कमी पडतं. एसएमडी हे २००९ पासून वापरात असलेलं चांगलं मॉडेल, त्याची न्यूट्रल रेणूंसाठी सरासरी चूक एक किलोकॅलरीच्या आत आहे, पण आयनांसाठी सुमारे ४. हे मॉडेल बनवणाऱ्यांनीच सांगितलंय. ४ किलोकॅलरी म्हणजे वेगात जवळपास हजार पट. त्यातही हायड्रॉक्साइड हा अगदी अवघड गिऱ्हाईक, लहान आकार, सगळा चार्ज एका ऑक्सिजनवर, आणि आजूबाजूच्या पाण्याशी दिशा असलेले हायड्रोजन बाँड, जे कंटिन्यूअमला दिसतच नाहीत. तुमच्या एन-एन बाँडच्या वेळी सॉल्व्हेंट मॉडेल लावून आकडा हलला नाही त्याचं कारण पण हेच, तिथे दोन्ही बाजूंना चार्ज नव्हता, पाण्याला करायला काही नव्हतं.

उपाय म्हणून हायड्रॉक्साइडभोवती काही खरे पाण्याचे रेणू ठेवायचे आणि त्या सगळ्या गुच्छाला कंटिन्यूअममध्ये टाकायचं, याला क्लस्टर-कंटिन्यूअम म्हणतात. तीन-चार पाण्यांपासून सुरू करा. इथे तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, रिअ‍ॅक्टंटमध्ये पाणी एका पद्धतीने मांडलेलं आणि ट्रान्झिशन स्टेटमध्ये दुसऱ्याच, मग जो फरक येतो तो रिअ‍ॅक्शनचा नसून एका हायड्रोजन बाँडचा असतो, आणि एक हायड्रोजन बाँड सहज तीन-चार किलोकॅलरीचा घोळ घालतो, म्हणून दोन्हीकडे भरपूर मांडण्या शोधून सगळ्यात खालची घ्या, हाताने एकच काढून बसू नका. दुसरं, पाण्याचे सुटे रेणू रेफरन्स म्हणून धरले तर प्रत्येक पाण्यामागे एन्ट्रॉपीची चूक साठत जाते, त्यापेक्षा तेवढ्याच पाण्यांचा क्लस्टर रेफरन्स धरा, चुका बऱ्याचशा आपसात कटतात. तिसरं, द्रव पाण्याचं कॉन्सन्ट्रेशन १ मोलर नसतं, ५५ मोलर असतं, सुट्या पाण्यासाठी ही करेक्शन २.४ किलोकॅलरीची आहे. मग पाणी एकेक करून वाढवत न्या आणि बॅरियर कधी स्थिर होतो ते बघा. स्थिर होतच नसेल तर ती माहितीही महत्त्वाची आहे, त्याचा अर्थ या रिअ‍ॅक्शनला स्टॅटिक चित्र पुरत नाहीये आणि पाण्याच्या डब्यात मॉलेक्युलर डायनॅमिक्स करायला लागणार, मेटाडायनॅमिक्स किंवा अंब्रेला सॅम्पलिंग (बॅरियर ओलांडायला मदत करणाऱ्या पद्धती) लावून. ते महाग आहे, हल्ली डीएफटीवर ट्रेन केलेल्या मशीन लर्निंग पोटेन्शियलमुळे थोडं आवाक्यात आलंय, पण पहिल्याच प्रोजेक्टला त्यात उडी घेऊ नका असंच मी सांगेन.

फंक्शनलबद्दल (डीएफटीमधलं ऊर्जेचं सूत्र) सगळे फार वाद घालतात, मी पटकन सांगून टाकतो. बी३एलवायपी बॅरियर कमी दाखवतं, एकट्याने वापरू नका. एम०६-२एक्स या विषयात खूप वापरलं गेलंय आणि बॅरियरला चांगलं चालतं, फक्त इंटिग्रेशन ग्रिड बारीक ठेवा, मिनेसोटा फंक्शनल ग्रिडला नाजूक असतात. बेसिस सेटमध्ये (इलेक्ट्रॉन मांडायला घेतलेली गणिती फंक्शन) डिफ्यूज, म्हणजे लांबवर पसरलेली, फंक्शन हवीतच, कारण चार्ज ऋण आहे, ६-३१जी(डी) वर हायड्रॉक्साइड केलं तर पुढचं काही खरं नाही. जमलं तर शेवटी डीएलपीएनओ-सीसीएसडी(टी) या जास्त अचूक मेथडने सिंगल पॉइंट (रचना न हलवता फक्त ऊर्जा) करून घ्या, ओर्का हे सॉफ्टवेअर शैक्षणिक कामाला फुकट मिळतं. ट्रान्झिशन स्टेटला एकच इमॅजिनरी फ्रिक्वेन्सी आहे ना आणि आयआरसी (ट्रान्झिशन स्टेटवरून खाली उतरणारी वाट) दोन्ही बाजूंना हव्या त्या जागी उतरतो ना हे न बघता पुढे जाऊ नये. आणि क्लस्टर असले की खालच्या फ्रिक्वेन्सी खूप निघतात, १०० वेव्हनंबरच्या खालच्या, त्यांना हार्मोनिक धरलं तर एन्ट्रॉपी भलतीच येते, तिथे क्वासी-हार्मोनिक करेक्शन लावा. एवढं केलं की मेथडवर जास्त वेळ घालवू नका, तो वेळ पाण्याच्या मांडण्यांवर घाला.

आता रेणू रेणूप्रमाणे बघू, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

आरडीएक्समध्ये पहिली पायरी हीच दराची पायरी. हायड्रॉक्साइड सीएच२ वरचा प्रोटॉन उचलतं आणि त्याच दमात शेजारच्या नायट्रोजनवरून नायट्राइट निघून जातं, ई२ एलिमिनेशन, कड्यात एक सी-एन डबल बाँड तयार होतो. ही एकदा झाली की पुढचा इंटरमीडिएट मूळ आरडीएक्सपेक्षा कितीतरी वेगाने तुटतो, कडं उघडतं, आणि शेवटी नायट्राइट, फॉर्मेट, फॉर्मल्डिहाइड, अमोनिया, नायट्रस ऑक्साइड आणि एनडीएबी नावाचं एक टिकाऊ प्रॉडक्ट मिळतं. मॉडेल करताना आरडीएक्सच्या कन्फॉर्मरकडे (त्याच रेणूची वेगवेगळी वळणं) लक्ष द्या, नायट्रो ग्रुप ॲक्सियल की इक्वेटोरियल (कड्याला उभा की आडवा) यावरून कुठला प्रोटॉन निघणाऱ्या नायट्रोच्या समोर येतो ते ठरतं आणि ई२ ला तो समोरासमोरचा कोन लागतो, त्यामुळे क्रिस्टलमधून उचललेला एकच कन्फॉर्मर घेऊन बसलात तर चांगली वाट दिसणारच नाही. आणि पायरी एका दमातली आहे का दोन टप्प्यांची, आधी प्रोटॉन आणि मग नायट्राइट, हे पण गृहीत धरू नका, आयआरसीवर बघा. पाण्याचे रेणू वाढवले की हे चित्र कधीकधी बदलतं.

टीएनटी सगळ्यात फसवं. अल्कलीत टाकलं की रंग लगेच लालसर-जांभळा होतो आणि बघणाऱ्याला वाटतं तुटलं. तुटलेलं नसतं. हायड्रॉक्साइड एकाच वेळी तीन गोष्टी करतं: मिथाइलवरचा प्रोटॉन उचलतं, कड्यावरच्या मोकळ्या कार्बनला चिकटून मायझनहायमर कॉम्प्लेक्स बनवतं, आणि नायट्रो असलेल्या कार्बनवर जाऊन नायट्राइट बाहेर काढतं. पहिल्या दोन वेगाने होतात पण परत फिरतात, पीएच खाली आणला की टीएनटी बरंचसं परत मिळू शकतं. परत न फिरणारी, नायट्राइट सोडणारी वाट हळू आहे. आता जर तुम्ही तिन्हीचे बॅरियर काढले आणि सगळ्यात छोटा बॅरियर हाच विघटनाचा वेग असं लिहिलं तर सपशेल चुकीचं, तो फक्त समतोल किती लवकर होतो ते सांगतो. समतोल झाल्यावर टीएनटीचा मोठा भाग ॲनायन आणि कॉम्प्लेक्सच्या रूपात अडकलेला असतो आणि खऱ्या वाटेचा बॅरियर मग त्या अडकलेल्या, खालच्या पातळीवरून मोजावा लागतो. म्हणून टीएनटीला सुटे बॅरियर न देता सगळ्या पुढच्या-मागच्या पायऱ्या एकत्र घेऊन कायनेटिक मॉडेल सोडवायचं, साधी डिफरन्शियल समीकरणं असतात, फक्त वेगांमध्ये खूप तफावत असल्याने स्टिफ सॉल्व्हर वापरा, कोपासीसारखं फुकट सॉफ्टवेअरही चालतं. टीएनटीत आणखी एक फायदा आहे, तो रंग. कुठला कॉम्प्लेक्स तयार झालाय ते टीडी-डीएफटीने (डीएफटीचाच प्रकाशशोषण काढणारा प्रकार) स्पेक्ट्रम काढून प्रयोगाच्या स्पेक्ट्रमशी ताडून बघता येतं, ही तपासणी हाताशी असताना सोडू नये.

डीएनएएनवर जास्त वेळ थांबतो कारण मला सगळ्यात काळजी तिथे वाटते. टीएनटीपेक्षा धक्क्याला कमी संवेदनशील म्हणून नवीन दारूगोळ्यात हे आलं, आयएमएक्स-१०१ या मिश्रणात डीएनएएन, एनटीओ (नायट्रोट्रायझोलोन) आणि नायट्रोग्वानिडीन असतं. डीएनएएनवर हायड्रॉक्साइड मेथॉक्सी असलेल्या कार्बनवर जातं, मायझनहायमर बनतं आणि मिथॅनॉल सुटून २,४-डायनायट्रोफिनॉल राहतं. कॅल्क्युलेशनमध्ये ही वाट छान दिसते, थर्मोडायनॅमिक्स उताराचं, प्रॉडक्ट स्थिर, पेपरचं चित्र सुंदर होतं आणि शेवटी लिहिलं जातं की डीएनएएनचं यशस्वी विघटन झालं. पण डायनायट्रोफिनॉल म्हणजे काय ते बघा ना. पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच ते विस्कटून टाकतं, १९३० च्या दशकात वजन कमी करायला म्हणून लोक ते घेत होते, माणसं दगावली, आणि १९३८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते माणसाच्या वापराला अत्यंत धोकादायक ठरवलं. म्हणजे मूळ पदार्थ नाहीसा झाला आणि पाणी अजिबात सुरक्षित झालं नाही. शिवाय त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून बसतात) ४ च्या जवळ आहे, पाण्यात ते ॲनायन म्हणूनच राहतं, आणि ऋण चार्ज असलेल्या कड्यावर ऋण चार्जचं हायड्रॉक्साइड सहजी जात नाही, त्यामुळे हायड्रॉलिसिसची साखळी तिथे अडकते. माझं ठाम मत आहे की मूळ स्फोटक संपण्याचा वेग देऊन काम पूर्ण झालं असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. पुढे काय बनतं, ते किती टिकतं, हे मॉडेलमध्ये असलंच पाहिजे, आणि कॉम्प्युटरचा खरा उपयोग पण इथेच आहे, कारण हे मधले पदार्थ प्रयोगात पकडायला कठीण असतात आणि कागदावर ते आपल्याला एकेक करून मांडता येतात.

एनटीओची गंमत वेगळी, त्याचा पीकेए ३.७. पीएच ७ ला दोन हजारात एखादाच रेणू न्यूट्रल असतो, बाकी सगळे ॲनायन. पुस्तकातली न्यूट्रल रचना घेऊन त्यावर हायड्रॉक्साइड चालवलं तर तुम्ही पाण्यात जवळपास नसलेल्या रेणूचं मॉडेल करताय. म्हणून कुठलाही नवा रेणू घेतला की पहिल्या दिवशी पीकेए बघायचा, माहीत नसेल तर काढायचा. पीकेए काढताना प्रोटॉनची हायड्रेशन फ्री एनर्जी उणे २६५.९ किलोकॅलरी धरतात, आणि तीच एनर्जी धरली तर हायड्रोजन इलेक्ट्रोडचा ॲब्सोल्यूट पोटेन्शियल ४.२८ व्होल्ट घ्यावा लागतो, ४.४४ नाही, या दोन्हीची सरमिसळ झाली तर रिडक्शन पोटेन्शियलमध्ये ०.१६ व्होल्टची चूक आयतीच येते.

रिडक्शनचा विषय निघालाच आहे तर, जमिनीखालच्या ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात टीएनटी, डीएनएएन यांना हायड्रॉक्साइड नाही तर इलेक्ट्रॉन संपवतो. फेरस लोखंड, सेंद्रिय पदार्थ, जिवाणू नायट्रो ग्रुपला अमिनोपर्यंत नेतात, टीएनटीपासून २-अमिनो आणि ४-अमिनो-डायनायट्रोटोल्यूइन बनतात. समुद्रात टाकलेल्या महायुद्धाच्या दारूगोळ्याजवळ, कील उपसागरात कोलबेर्गर हाइडे इथे, शिंपल्यांमध्ये हेच पदार्थ सापडलेत. इथे प्रत्येक पायरीचा बॅरियर काढण्यापेक्षा पहिल्या इलेक्ट्रॉनचा पोटेन्शियल काढणं जास्त कामाचं ठरतं, नायट्रोबेन्झिनला तो उणे ४८५ मिलिव्होल्टच्या आसपास आहे आणि नायट्रो ग्रुप वाढले की तो वर चढतो, आणि नायट्रोॲरोमॅटिकच्या रिडक्शनच्या वेगाचा लॉग या पोटेन्शियलशी बऱ्यापैकी सरळ रेषेत बसतो. कॅल्क्युलेशनचा ॲब्सोल्यूट आकडा ०.१ व्होल्टने चुकला तरी चालतं, मोजलेले पोटेन्शियल असलेल्या नायट्रो कंपाउंडच्या मालिकेवर आधी रेषा बसवा आणि मग नवीन रेणू त्या रेषेवर ठेवा.

आणि हीच युक्ती हायड्रॉलिसिसलाही लागू होते, वर २९ पटीचं जे भय दाखवलं त्यावरचा उपाय हाच आहे. हायड्रॉक्साइडच्या सॉल्व्हेशनची चूक सगळ्या रेणूंच्या रिअ‍ॅक्टंट बाजूला सारखीच आहे, हायड्रॉक्साइड तेच असतं ना. म्हणून आरडीएक्स आणि एचएमएक्स, किंवा डीएनएएन आणि त्याच्यासारखेच दुसरे नायट्रो ईथर यांच्या बॅरियरमधला फरक हा ॲब्सोल्यूट बॅरियरपेक्षा कितीतरी भरवशाचा. एका रेणूचा वेग प्रयोगात नीट मोजलेला असेल तर तो खुंटीसारखा धरा, बाकीच्यांचे वेग त्याच्या सापेक्ष काढा. पण रिअ‍ॅक्शनचा प्रकार तोच असला पाहिजे, आरडीएक्सच्या ई२ वरून डीएनएएनच्या मायझनहायमरला कॅलिब्रेट करायला जाऊ नका, तिथे ट्रान्झिशन स्टेटमधला चार्जच वेगळ्या पद्धतीने पसरलेला असतो.

तापमान. प्रयोग २५ अंशाला किंवा त्याहून वर होतात, भूजल बऱ्याच ठिकाणी १० अंशाला असतं. आरडीएक्सची ॲक्टिव्हेशन एनर्जी सुमारे १०० किलोज्यूल धरली तर १० अंशाला वेग साडेआठ पट कमी. इथपर्यंत सगळे करतात. पण पाण्याचा आयनिक प्रॉडक्टसुद्धा तापमानाने बदलतो, पीकेडब्ल्यू २५ अंशाला १४.० तर १० अंशाला १४.५३, म्हणजे पीएच तोच ठेवला तरी हायड्रॉक्साइड ३.४ पट कमी. दोन्ही मिळून २९ पट. वरच्या उदाहरणातली पीएच ७ ची सोळा वर्षं अशी थंड भूजलात साडेचारशे वर्षांवर जातात. हे दुसरं करेक्शन चांगल्या चांगल्या लोकांच्या शीटमधून निसटतं, कारण पीएच मीटरवर आकडा तोच दिसत असतो.

विश्वास किती ठेवायचा, तर माझी उतरंड अशी आहे. कुठली वाट चालेल आणि कुठली नाही, यात पाच-सहा किलोकॅलरीचा फरक असेल तर बिनधास्त सांगा. एकसारख्या रेणूंमधला क्रम, जवळपास भरवशाचा. पीएच आणि तापमानाने वेग कसा बदलेल, यंत्रणा बरोबर असेल तर चांगला. प्रत्यक्ष हाफ-लाइफ, मोजलेल्या एका तरी वेगाला बांधल्याशिवाय नाही. आणि शेतातल्या, मैदानातल्या खऱ्या पाण्याचं हाफ-लाइफ फक्त हायड्रॉलिसिसवरून कधीच नाही, कारण तिथे जिवाणू आणि लोखंड बहुतेक वेळा हायड्रॉक्साइडच्या खूप पुढे असतात, हायड्रॉलिसिसचं मॉडेल तुम्हाला एवढंच सांगतं की बाकी कुणी काही केलं नाही तर किती काळ राहील. चुना घालून माती-पाणी साफ करायचं असेल तेव्हा मात्र हेच मॉडेल थेट कामाला येतं, पीएच किती चढवायचा आणि किती वेळ धरून ठेवायचा ते त्यातून निघतं.

एक तपासणी जी कुठल्याही मॉडेलला करावीच: नायट्रोजनचा हिशोब. आरडीएक्समध्ये सहा नायट्रोजन आणि तीन कार्बन आहेत, तुमच्या साखळीच्या शेवटी नायट्राइट, अमोनिया, नायट्रस ऑक्साइड, एनडीएबी मिळून सहा भरले पाहिजेत आणि प्रयोगात मोजलेल्या प्रमाणाच्या आसपास आले पाहिजेत. वेग जुळला आणि हिशोब नाही जुळला तर यंत्रणा चुकीची आहे, वेग योगायोगाने जुळलाय. उलटं असेल, म्हणजे हिशोब जुळतोय आणि वेग दहा पट कमी-जास्त आहे, तर मी ते मॉडेल ठेवेन आणि पाण्याच्या मांडणीवर परत काम करेन.

तुमच्यासाठी पुढचं पाऊल म्हणून एवढं करा. एन-एन बाँडची फाइल बाजूला ठेवा. हायड्रॉक्साइड आणि तीन पाणी, एम०६-२एक्स, ६-३११++जी(डी,पी), एसएमडी, आणि आरडीएक्सचे सगळे कन्फॉर्मर घेऊन ई२ ची ट्रान्झिशन स्टेट शोधा, मग चौथं आणि पाचवं पाणी घालून बघा बॅरियर किती हलतो. तेच सगळं एचएमएक्सला करा. आरडीएक्स आणि एचएमएक्स या दोघांचे अल्कलाइन हायड्रॉलिसिसचे वेग प्रयोगात मोजलेले आहेत आणि एचएमएक्स हळू तुटतं. तुमच्या आकड्यात हा क्रम आला का ते आधी सांगा, इनपुट फाइलबरोबर पाण्याच्या किती मांडण्या बघितल्या तेही कळवा, मग नायट्राइट गेल्यानंतरच्या कडं उघडण्याच्या पायऱ्यांवर बोलू.